मागे राहणारा तंबू

“आता ह्ये कुणाला पटायचं न्हाई,” नाथाजी म्हणाला, “पर मुंबईचा एक तंबू ह्याच दारातनं मोटारीच्या मागं पळत गेला. कुत्रं पळतं तसा. ह्या डोळ्यांनी बघितलाय मी.”

सोप्यात बसलेली पंधरा-वीस माणसं एकदम त्याच्याकडे वळली. गुणमालाबाई जाऊन चौथा दिवस होता. सांगलीतल्या त्या घरात सकाळपासून माणसं येत होती, मान खाली घालून बसत होती, ‘पुण्यवान होत्या’ म्हणत होती आणि उठून जात होती. साताऱ्याहून पहिल्या एस्टीने आलेला नाथाजी शेलार मात्र भिंतीला टेकून बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हे बोलला.

“सुतकात बसलोय, नाथाजी,” शेजारच्या मळ्याचे लालासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

“मग? आक्का काय मुळूमुळू रडण्यातल्या हुत्या? मी हितं रडाय बसलो आसतो तर आतनं काठी घिऊन आल्या आसत्या.”

लालासाहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. समोरच्या खांबाला टेकून गुणमालाबाईंचा मुलगा जवाहर बसला होता. त्याने मान वर केली नाही, पण ‘गप बसा’ असंही म्हणाला नाही. नाथाजीला तेवढं पुरे होतं.

नाथाजीचं वय त्या वर्षी सहासष्ट. सतरा वर्षं तो फौजेत होता आणि सतराच्या सतरा वर्षं त्याने तंबू शिवले. बंदूक त्याने फार तर पुसायला हातात घेतली असेल. पण ब्रह्मदेशातल्या लढाईची त्याची हकीकत ऐकणाऱ्याला ती लढाई सुई-दोऱ्यावरच जिंकली असं वाटे. फौजेतून सुटल्यावर त्याने साताऱ्यात एक लहानसं दुकान टाकलं. ट्रकच्या ताडपत्र्या, साखर कारखान्याच्या ताडपत्र्या, तमाशाच्या कनाती, मिळेल ते शिवायचं. गुणमालाबाईंचे यजमान हळदीचे व्यापारी. त्यांच्या हळदीवर वीस वर्षं नाथाजीच्याच ताडपत्र्या पडत आल्या. एवढीच काय ती या घराशी ओळख.

या यजमानांनी मरण्याआधी वर्षभर एक उद्योग करून ठेवला होता. माधवनगरच्या एका गिरणीने कामगारांना आणायची-न्यायची जुनी मोटार मोडीत काढली, ती त्यांनी घेतली. आतली बाकडी उपटून दोन निजायच्या फळ्या ठोकल्या, तांब्याचा हंडा पक्का बसवला, खिडक्यांना पडदे लावले. बायकोला घेऊन श्रवणबेळगोळला जायचं, वाटेत देऊळ दिसेल तिथे थांबायचं, आणि येताना घाई करायची नाही, असा बेत. बेत झाला, मोटार झाली, आणि यजमान गेले. मोटार दोन वर्षं गोठ्याशेजारी पोत्यांखाली उभी राहिली. चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात गुणमालाबाईंनी ती पोती स्वतः ओढून काढली. त्याआधी महिनाभर थांबल्या होत्या, कारण आत चिमण्यांची घरटी होती आणि पिल्लं उडायची बाकी होती.

“मी जाणार,” त्या म्हणाल्या.

“कुणाबरुबर?” जवाहरने विचारलं.

“रायगोंडा चालवंल की. पंचवीस वरसं एस्टी चालवली त्येनं. माझं वझं काय एस्टीपेक्षा जास्त हाय?”

रायगोंडा म्हणजे यजमानांचा चुलतभाऊ. नोकरीतून सुटल्यापासून तो ओट्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर कानाने ओळखत असे. त्याला विचारायचीही गरज नव्हती. मोटारीवरची पोती निघाल्या दिवशीच त्याने खाकी शर्ट धुवायला टाकला होता.

“आन् खाणार काय?” जवाहर म्हणाला.

हा त्याचा हुकमाचा एक्का होता. गुणमालाबाई दिवसातून एकदाच जेवत, तेही दिवस मावळायच्या आत. परक्याच्या हातचं खात नसत. नळाचं पाणी पीत नसत, कारण तोटीच्या आत चामड्याची चकती असते. विहिरीचं पाणी, दुहेरी फडक्यातून गाळलेलं, तेवढंच चाले. ताटात केस निघाला, किडा निघाला, की ताट सोडून उठायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. मोटारीत डिझेलचा वास, तिथे चूल कशी मांडणार? उघड्यावर मांडली तर धूळ. आणि मोटार तर पाण्याला जाणार, डिझेलला जाणार, देवळाला जाणार. एकदा सारवून शुद्ध केलेली जागा तिच्याबरोबर कशी फिरणार?

“मोटार फिरंल. चूल न्हाई फिरायची,” गुणमालाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी साताऱ्याला कार्ड टाकलं: ‘मोटारीला लागून तंबू पाहिजे. मोटार निघून गेली तरी तंबू मागे उभा पाहिजे. मोटार आली की परत जोडता आला पाहिजे. होत असेल तर घेऊन या. होत नसेल तर तसं कळवा, दुसरा बघते.’

“त्ये ‘दुसरा बघते’ माझ्या काळजाला लागलं,” नाथाजी सोप्यातल्या माणसांना म्हणाला. “लाटसाहेबाचा तंबू शिवलाय मी. येवढी गार सावली, की साहेब आत निजला त्यो लढाई संपली तरी उठला न्हाई. शेवटी त्येला तंबूसकट जहाजावर चढवला.”

“लाटसाहेबाचं ऱ्हाऊ द्या तिकडं.” लालासाहेब आता हातभर पुढे सरकून बसले होते. “मुंबईचा तंबू पळाला कसा, त्ये सांगा.”

तर झालं असं. जवाहर काही वाईट मुलगा नव्हता, पण जातीचा व्यापारी होता. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणू नये, माल दाखवून त्याचं मन मोडावं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. आईने साताऱ्याहून तंबू मागवलाय म्हटल्यावर त्याने मुंबईहून एक तयार तंबू आणवला आणि सांगलीच्या मांडववाल्यालाही बोलावून ठेवला. तिन्ही बघ म्हणाला. तिन्ही बघून थकेल आणि विषय सोडेल, असा हिशेब.

गुणमालाबाई हळद पारखतात तशा तंबू पारखायला बसल्या. अंगणात मोटार उभी केली. प्रत्येक तंबू तिला लावायचा, आत शेगडी पेटवून भात शिजेपर्यंत बसायचं, आणि मग रायगोंडाने मोटार बाहेर काढायची. एवढीच परीक्षा.

मुंबईचा तंबू दिसायला नवरीसारखा. निळे-पिवळे पट्टे, गुळगुळीत नायलॉन, पोकळ हलक्या नळ्या, सगळा घडी करून एका पिशवीत. पाच मिनिटांत उभा राहिला. भाताला आधण येईपर्यंत आतली हवा अशी तापली, की गुणमालाबाई म्हणाल्या, “शेगडी कशाला पेटवली? तांदूळ नुसता हातावर धरला आसता तरी शिजला आसता.” मग रायगोंडाने मोटार चालू केली. नायलॉनच्या आकड्या मोटारीच्या पन्हळीत अडकल्या होत्या, त्या काही सुटल्या नाहीत. मोटार निघाली, तंबूही निघाला.

“गल्लीतनं त्यो निघाला बघा,” नाथाजी म्हणाला. त्याचे दोन्ही हात आता हवेत होते. “चारी पायांवर. मोटार वळली की ह्यो वळायचा. मोटारीनं हारन् दिला की ह्यो फुगायचा. मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर एका म्हातारीनं त्येला हात दावला, एस्टी समजून. आन् खोटं वाटंल तुमाला, पर त्यो थांबला.”

“म्हातारी बसली का?” कुणीतरी विचारलं.

“बसली की. उतरली मिरजंला.”

चार दिवसांत त्या सोप्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. आतल्या खोलीतून जवाहरची बायको विजयमाला पदर तोंडाला लावून दाराच्या चौकटीपाशी येऊन उभी राहिली.

मांडववाल्याची गोष्ट लवकर संपली. त्याने आठ बांबू आणि चार गडी आणले होते. मांडव उभा राहिला तोवर दुपार कलली. “मांडव झ्याक हाय,” गुणमालाबाई म्हणाल्या, “पर ह्यो न्यायचा म्हंजी चार गडी न्यायचे, त्येंचा सैपाक करायचा. मी यात्रंला चाललेय, खानावळ काढाय न्हाई.”

राहिला नाथाजीचा. दिसायला अगदी सामान्य. खाकी जाड कापड, स्वतःचे दोन खांब, चारी कोपऱ्यांना जमिनीत मेखा. तंबू मोटारीला लागून उभा, पण टेकून नाही. मधल्या फटीवर कापडाची एक सोंड, आणि ती मोटारीच्या टपाला सात फाशांनी बांधलेली. सातही फासे एकाच दोरीत ओवलेले, दोरीचं टोक रायगोंडाच्या हाताशी. त्याने बसल्या जागेवरून दोरी ओढली, सोंड पडद्यासारखी खाली आली, आणि मोटार अंगणाबाहेर गेली. तंबूला सुरकुतीसुद्धा पडली नाही. आत भात रटरटत होता. रायगोंडा गल्लीला वळसा घालून आला. पंचवीस वर्षांत ‘पुढं सरका’ याखेरीज त्याने काही बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, “ब्येस.”

नाथाजीने मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात आतून आवाज आला.

“नाथाजी, ह्ये काय हाय?”

गुणमालाबाई नाक वर करून कोपऱ्याकडे बघत होत्या. उन्हाने कापड तापलं होतं आणि त्यातून एक वास सुटला होता.

“पट्टी हाय, आक्का. दोर ओढतो तिथं कापड फाटू नये म्हणून.”

“कशाची?”

जगातल्या कुठल्याही प्रश्नाला तीन थापा तयार असणाऱ्या नाथाजीला त्या वेळी एकही सुचली नाही.

“चामड्याची.”

जवाहर ओट्यावर बसला होता, तो खदखदून हसला. “आई, नळातल्या चकतीला भितीस, आन् आता डोस्क्यावर चामडं टांगून जेव!”

गुणमालाबाईंनी शेगडीवरचा भात उतरवला आणि गाईपुढे नेऊन ठेवला. परत येऊन त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं.

“दोरा कशानं ओढलाय?”

“मेणानं.”

“माश्यांच्या पोळ्याच्या?”

“व्हय.”

“दुसऱ्याचं घर मोडून माझं घर उभं करू नका, नाथाजी.”

“आवं आक्का, पर फौजेत आसंच...”

“मी फौजेत न्हाई.”

“चामड्याबिगर कोपरा टिकायचा न्हाई. सतरा वरसांचा अनुभव सांगतोय.”

“मग अठराव्या वरसाचा घ्या.”

जवाहरला वाटलं, जमलं. तो उठून आईजवळ आला. “झालं की आता, आई. तीन बघितले, तिन्ही गेले. हौस झाली न्हवं? मोटार इकून टाकू. लोक काय म्हणतील, बाप मेला आन् पोरानं आईला रस्त्यावर चूल मांडाय लावली.”

“लोक म्हंत्याल, म्हातारी गेली, म्हातारीनं बघितलं. म्हणू देत.” गुणमालाबाईंचा आवाज चढला नव्हता. उतरला होता, आणि ते जास्त वाईट, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. “तुझा बा जायाचं जायाचं म्हणत गेला. मी तशी जायाची न्हाई. ऐक. आजपासनं पंधरा दिवसांनी मळ्यात तंबू लावायचा. मोटार निघून जाईल. त्येच्यानंतर तंबूला कुणी हात लावायचा न्हाई. मी आत सैपाक करीन, आन् दिवस मावळायच्या आत जेवीन. तंबू पडला, न्हाईतर ताटात धूळ आली, तर मोटार इक. मी पुन्ना नाव काढणार न्हाई. उभा ऱ्हायला, तर तू मला आडवं यायचं न्हाई.”

“कबूल,” जवाहर म्हणाला.

“तुमी काय म्हंता, नाथाजी?”

काय म्हणणार? चामड्याशिवाय, मेणाशिवाय मोकळ्या रानात उभा राहील असा तंबू त्याने जन्मात शिवला नव्हता. “माझा तंबू पडायचा न्हाई,” तो म्हणाला. “पृथ्वी कलंडली तर तंबूला धरून तुमी सगळी वाचशिला.”

पुढचे पंधरा दिवस नाथाजीने सोप्यात एका वाक्यात संपवले: “मग मी दुसरा शिवला.” बाकीचं त्याने आपल्यापाशीच ठेवलं.

बाकीचं असं होतं. साताऱ्याला परत गेल्यावर त्याने दुकानाची फळी लावून घेतली आणि शिवलेला तंबू पहिल्या टाक्यापासून उसवला. मेणाऐवजी दोरा राळेने आणि करंजाच्या तेलाने ओढला. चामड्याच्या जागी अंबाडीच्या सुतळीची पट्टी विणली, आठ पदरी, आणि ती खेचून बघायला स्वतः आढ्याला लोंबकळला. बायको रंगूबाई दारातून बघत होती.

“फौजंच्या तंबूला कवा येवढा जीव लावला न्हाई,” ती म्हणाली.

“फौजंला कुठंतरी निजायचं आसतं, रंगू. हिला जायाचंय.”

रंगूबाईचं माहेर कोरेगाव आणि सासर सातारा. तिचा सगळा प्रवास त्यात बसत होता. तिने कंदिलाची काच पुसून आणून ठेवली, म्हणजे संध्याकाळचा आणखी एक तास मिळेल.

तीन कोपरे त्याला हवे तसे झाले. चौथा शेवटच्या दिवशी शिवला. डोळ्यांवर ताण आला होता. टाके फार जवळजवळ पडले. टाके असे पडले की कापडाची चाळण होते, आणि जिथे घट्ट व्हायला पाहिजे तिथेच ते फाटतं. नाथाजीला हे कळत होतं. उसवायला वेळ नव्हता. त्याने चौथा कोपरा हाताने दोनदा थोपटला, तापलेल्या पोराला थोपटावं तसा, आणि घडी केली.

“आन् मग त्यो दिवस,” नाथाजी सोप्यात म्हणाला. “चैताचं ऊन. मळ्यात विहिरीपाशी तंबू लावला. रायगोंडाआण्णांनी दोरी वडली, मोटार गेली ती दिवस मावळल्याबिगर यायची न्हाई आशी ताकीद हुती. आक्का आत. आमचं जवाहरमालक तकडं बांधावर, छत्री उघडून, जज्जासारखं.”

“आन् तुमी?”

“मी तंबूच्या मागल्या अंगाला. पाटाची चर हाय न्हवं, तिथं. म्हटलं, आपलं काम संपलं.”

चार वाजता गुणमालाबाईंनी शेगडी पेटवली. पाचच्या सुमाराला पश्चिमेकडे रान पिवळं दिसायला लागलं आणि वारा सुटला.

“त्यो वारा मला ठावं हाय,” लालासाहेब म्हणाले. “माझ्या खोपीचा पत्रा गेला त्या दिवशी.”

“पत्र्याचं काय घिऊन बसलाय? विहिरीतलं पाणी तिरपं झालं! पाटाचं पाणी उलटं चढाय लागलं. एका शेळीची दाढी तिच्या पाठीवर गेली, ती पुढं चार दिवस मागं बघतच चालायची. तुमच्या शेजारच्या रानातली कडब्याची गंज आख्खी उठली आन् तासगावच्या अंगाला जाऊन बसली, एक पेंढी हिकडची तिकडं न होता. मालकांची छत्री गेली ती मिरजंला. तिथं एका डाक्टरच्या दारात उघडीच उतरली म्हंत्यात.”

माणसं आता हात तोंडावर न ठेवता हसत होती. दारातली विजयमालाही हसली आणि मग तिने डोळे पुसले. जवाहर अजून खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता.

“आन् तंबू?” लालासाहेबांनी विचारलं.

“तंबू?” नाथाजीने हात खाली घेतले. त्याचा आवाज एकदम साधा झाला. “हालला न्हाई. कोपरान् कोपरा ताठ. आतनं भाकरी थापल्याचा आवाज येत हुता, थाप थाप थाप, घरात बसून थापावी तशी. मला इतकी खात्री, की मी चरीत टोपी तोंडावर घेतली आन् झोपलो. झोपलो म्हंजी घोरलो. जागा झालो तवा दिवस गेला हुता आन् आक्का ताट धुऊन भाईर आल्या हुत्या.”

हे वाक्य त्याने साताऱ्याच्या दुकानात चार वर्षं इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता त्याला ते आपलं घोरणं ऐकूही येई.

त्या दिवशी बाहेर आल्यावर गुणमालाबाई मुलाला एवढंच म्हणाल्या होत्या, “जेवले.” जवाहरने मान हलवली आणि तो घराकडे चालू लागला. आठव्या दिवशी मोटार निघाली. गुणमालाबाई श्रवणबेळगोळला गेल्या, तिथला डोंगर अनवाणी चढल्या, येताना घाई केली नाही. पुढच्या वर्षी कुंथलगिरी. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा श्रवणबेळगोळ, कारण पहिल्या वेळी नीट बघून झालं नाही म्हणाल्या. प्रत्येक मुक्कामाहून साताऱ्याच्या दुकानावर एक कार्ड येई. वर गावाचं नाव, खाली तीन शब्द: ‘तंबू उभा आहे.’ अशी अकरा कार्डं नाथाजीने दुकानातल्या तारेला ओवून ठेवली होती. आदल्या दिवशी बारावं आलं. ते जवाहरच्या हातचं होतं, आणि त्यात दुसरीच बातमी होती.

कार्डांचं नाथाजी काही बोलला नाही. तो म्हणाला, “तर आशा हुत्या आक्का. अठराव्या वरसाचा अनुभव घ्या म्हणल्या, मी घेतला. चामडं न्हाई, मेण न्हाई, आन् तसला वारा. माझा तंबू आपल्या पायावर उभा ऱ्हायला.”

“कुणाचा हात न लागता?” लालासाहेब म्हणाले. “त्या वाऱ्यात?”

“बोट लागलं न्हाई कुणाचं.”

“खोटं,” जवाहर म्हणाला.

जवाहरने मान वर केली होती. चार दिवस दाढी न केलेला त्याचा चेहरा त्याच्या बापासारखा दिसत होता.

“छत्री मिरजंला न्हाई गेली, मामा. विहिरीच्या पलीकडं जाऊन पडली. मी ती आणाय गेलो. तिथनं चर दिसती.”

नाथाजीने गुडघ्यावरची टोपी उचलली आणि परत तिथेच ठेवली.

“मागला कोपरा वारा सुटल्यासुटल्या फाटला. आवाज मला बांधावर आला हुता,” जवाहर म्हणाला. “तुमी झोपला न्हवता. फाटल्या कोपऱ्याला बांधलेला दोर पाठीवरनं घिऊन, चरीत पाय रवून बसला हुता. आंगावर सगळी माती. दिवस जाईस्तवर सोडला न्हाई.”

“आरं, पर कबुली हुती की तुमची!” लालासाहेब त्याच्याकडे वळले. “हात लावायचा न्हाई म्हणून. तवाच का न्हाई बोललास?”

“बोलायलाच निघालो हुतो. तंबूपातुर आलो बी.” जवाहर म्हणाला. “फटीतनं आत दिसलं. आई जेवाय बसली हुती.”